अफू, अण्णा आणि उंदराचं आतडं

आमच्या खानदेशात मुक्कामी पाहुणा सकाळी उठला की आधी चहा विचारतात, आणि चहा पिऊन झाला की "जाऊन आलात का?" असं विचारतात. कुठे, ते सांगावं लागत नाही. रात्री शेवभाजी नाहीतर वांग्याचं भरीत आग्रह करकरून वाढलेलं असतं, त्यामुळे यजमानाला काळजी वाटणं साहजिक आहे. मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा आईचा रोज फोन यायचा आणि दुसरं वाक्य ठरलेलं: "पोट साफ आहे ना?" एकदा फोन स्पीकरवर होता आणि टीममधले चार जण समोर बसले होते. असो.

सांगायचा मुद्दा हा की पोट हा आमच्या घरात मोकळेपणाने बोलायचा विषय आहे. म्हणूनच २०२१-२२ मध्ये अण्णांच्या (म्हणजे माझ्या आजोबांच्या) आजारपणात जे झालं त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. वर्षभर आम्ही दुसरं काही बोललोच नाही, आणि तरी आमचं सगळं चुकलं.

अण्णांना प्रोस्टेटचा कॅन्सर होता आणि निदान झालं तेव्हा तो हाडांत उतरलेला होता. मी तेव्हा वर्क फ्रॉम होम करत जळगावच्या घरीच होतो. हाडांचं दुखणं काय असतं ते मी शेजारच्या खोलीत बसून, हेडफोन लावून, क्लायंट कॉलवर ऐकलं आहे. साध्या गोळ्यांनी भागेना तेव्हा डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं. जळगावात आम्ही विचारलं त्या मेडिकलवाल्यांनी नाव ऐकूनच मान हलवली. एकाने तर पप्पांकडे अशा नजरेने बघितलं की जणू हेच पिणार आहेत! शेवटी नाशिकच्या एका हॉस्पिटलमधून गोळ्या मिळायला लागल्या. पप्पा दर महिन्याला सकाळच्या गाडीने जायचे आणि रात्री परत यायचे.

गोळ्यांनी दुखणं खरंच थांबलं. अण्णा पुन्हा पेपर वाचायला लागले, माझ्या स्क्रीनकडे बघून "भाऊ, दिवसभर टाइप करतोस तरी काय?" असं विचारायला लागले. आणि मग दुसराच त्रास सुरू झाला. चार-चार, पाच-पाच दिवस संडासला व्हायचं नाही. पोट फुगायचं, कळा यायच्या, जेवण सुटलं.

मग घरातल्या प्रत्येकाकडे एकेक उपाय होता. इसबगोल झालं, भिजवलेले मनुके झाले, पपई झाली. केळ्याबद्दल तर घरात दोन पक्ष पडले. जळगावात राहून केळ्याने पोट बांधतं की सुटतं यावर आमचं एकमत होऊ शकलं नाही. पण निदान सगळ्यांचं एकच होतं: अफूचं औषध आहे, त्याने आतडं झोपलं आहे, ते जागं केलं पाहिजे. म्हणून पप्पा त्यांना हाताला धरून गच्चीवर फेऱ्या मारायला लावायचे. "अण्णा, दहा फेऱ्या करा, मोकळं वाटेल." कॅन्सर हाडात असलेला एक्याऐंशी वर्षांचा माणूस.

आणि एक दिवस आजीला उशीखाली गोळ्या सापडल्या, आठवडाभराच्या. अण्णांनी परस्पर बंद केल्या होत्या. मला म्हणाले, "दुखणं सोसतं रे भाऊ, हे नाही सोसत."

अण्णा २०२२ च्या पावसाळ्यात गेले. त्यानंतर कितीतरी महिने हे वाक्य डोक्यातून जात नव्हतं. मी काही डॉक्टर नाही, मेकॅनिकलची डिग्री घेऊन जावा लिहिणारा माणूस. पण बग रिपोर्ट क्लोज झाला तरी रूट कॉज कळल्याशिवाय मला झोप येत नाही, ती एक वाईट सवय आहे. म्हणून वीकेंडला बसून वाचायला सुरुवात केली. अफूने आतडं बंद पडतं म्हणजे नक्की काय होतं? सुरुवात पोटापासून केली आणि पोचलो धुळ्याच्या आग्रा रोडवर.

आता थोडा इतिहास. कंटाळा आला तर चहा घेऊन या, पण सोडू नका.

अफू आपल्याकडची मूळची नाही. चरक-सुश्रुतात ती सापडत नाही. शार्ङ्गधर संहितेत, म्हणजे साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, ती 'अहिफेन' या नावाने भेटते. अहिफेन म्हणजे सापाचा फेस, पण अरबी 'अफ्यून'चंच ते संस्कृत रूप असावं हे उच्चारावरूनच कळतं. पुढे ती जुलाबाच्या औषधांत कायमची बसली. आयुर्वेदात अतिसारावर कर्पूररस नावाचं औषध आहे, त्यात अहिफेन असतं. म्हणजे अफूने पोट बांधतं ही बातमी आपल्याला किमान सहा-सातशे वर्षं जुनी आहे.

पीक मात्र आपल्या दारातच होतं. मंदसौर, रतलाम, उज्जैन, इंदूर, हा सगळा माळवा, आणि माळव्यातून मुंबईला उतरायचं तर वाट खानदेशातून. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या हातात गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज इथला पहिला मोठा अधिकारी, त्यानेच धुळ्याला ठाणं केलं आणि आजचं चौकटीतलं धुळं वसवलं. त्या काळात कंपनीची डोकेदुखी ही की बंगालच्या अफूवर तिची मक्तेदारी होती, पण माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकायची आणि व्यापारी ती चोरवाटांनी पोर्तुगीजांच्या दमणला नेऊन थेट चीनला पाठवायचे. कंपनीने आधी सगळा माल स्वतः विकत घेऊन बघितला. मग दडपण आणून वाटा बंद करून बघितल्या. काहीच जमेना तेव्हा १८३० च्या सुमारास सरळ टोल नाका टाकला: पेटीमागे पास काढा आणि माल राजरोस मुंबईला न्या. पेटी साधारण साठ-त्रेसष्ठ किलोची. पास आधी १७५ रुपये, १८४७ ला ४०० रुपये, आणि १८६० च्या दशकात ६०० च्या घरात.

इंदूरहून सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, तापी ओलांडून धुळं, मालेगाव, नाशिक, मुंबई. आपण ज्या रस्त्याला परवापरवापर्यंत एनएच ३ म्हणत होतो तोच. पुढे खंडवा ते इंदूर रेल्वे झाल्यावर इंदूरकडचा माल भुसावळ-जळगाववरून गाडीने जायला लागला. चीनला जाणारी भारतीय अफू १९१३ मध्ये थांबली. पण तोपर्यंत या व्यापारातून मुंबई उभी राहिली होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीत चीनच्या अफूचा मोठा वाटा होता. त्यांच्याच देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. हॉस्पिटल सुरू झालं, आणि त्याच वर्षी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज. आता जे. जे.च्या वॉर्डात मॉर्फिनचं इंजेक्शन देताना हे कुणाच्या मनात येत नसेल, पण मला गंमत वाटली.

रस्त्यावरून जाणारा सगळा माल काही चीनला जात नव्हता, थोडा इथेच सांडत होता. त्या शतकात पटकी म्हणजे कॉलरा वारंवार येऊन गावंच्या गावं रिकामी करायचा. १८१७-१८ च्या साथीपासून गोऱ्या डॉक्टरांचा ठरलेला उपाय कॅलोमेल (पाऱ्याचं संयुग) आणि लॉडनम, म्हणजे दारूत विरघळवलेली अफू. कॉलिस ब्राउन नावाच्या लष्करी डॉक्टरने भारतात असताना, १८४८ च्या सुमारास, पटकीवर अफू, गांजा आणि क्लोरोफॉर्म यांचं मिश्रण करून 'क्लोरोडाइन' काढलं. ते पुढे विलायतेत घराघरात गेलं. आज हे वाचून आपण डोक्याला हात लावतो. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी जाऊन, आणि आतडं बांधून ते पाणी परत येत नाही.

आणि बाळगोळी. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची इवलीशी गोळी देऊन कामावर जायच्या. १९२० च्या दशकात लेडी डॉक्टरांनी चाळींतून पाहणी केली तेव्हा बहुतेक सगळ्या पोरांना ती मिळत होती असं आढळलं. मला वाटायचं हे मुंबईपुरतं असेल. म्हणून आजीला विचारलं. ती धुळ्याकडच्या खेड्यातली, अजून अहिराणी बोलते. म्हणाली, "त्यामां काय! जराशी अफू दिन्ही का पोर निजी जास, माय वावरमां जास." पोर झोपतं, माय शेतात जाते. मग थोडं थांबून म्हणाली की काही पोरं उठायचीच नाहीत.

इथपर्यंत सगळ्यांचा समज एकच: वैद्य, गोरा डॉक्टर, आजी, आम्ही. अफूने माणूस झोपतो तसं आतडंही झोपतं. जर्मनीत सर्ट्युर्नर नावाच्या औषधविक्याने १८०५ च्या सुमारास अफूतून तिचा मुख्य अर्क वेगळा काढला. त्याने दिलेलं नावसुद्धा ग्रीकांच्या स्वप्नदेवावरून, मॉर्फियसवरून. नावातच झोप.

आता प्रयोगशाळेत जाऊ.

आतड्याचा एक मोठा गुण आहे. ते शरीराबाहेर काढलं तरी काही तास काम करत राहतं. मिठाचं योग्य द्रावण, ३७ अंश तापमान आणि ऑक्सिजनचे बुडबुडे एवढं दिलं की दोऱ्याने टांगलेला दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा आपला आपला आकसतो, सैल होतो. दोऱ्याचं दुसरं टोक पूर्वी काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवरच्या लेखणीला बांधायचे, आता सेन्सरला. मेंदू नाही, हृदय नाही, तरी चालू. कारण आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या मज्जापेशींचं जाळं असतं, दहा कोटींच्या वर पेशी. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर डाउन असताना लोकल कॅशवर चालणारं ॲप.

१९१७ मध्ये जर्मनीतच पॉल ट्रेंडेलेनबर्ग यांनी गिनीपिगचं लहान आतडं असं टांगलं आणि दाखवलं की मॉर्फिनचा थेंब टाकला की त्यातली पुढे सरकणारी लाट थांबते. १९५७ मध्ये ब्रिटनच्या विल्यम पेटन यांनी विजेचे हलके झटके देऊन तेच मोजमाप नेमकं केलं. झटक्याला आतडं आकसतं, मॉर्फिन टाकलं की कमी आकसतं, कारण मज्जातंतू स्नायूला 'आकस' असा निरोप देणारं ॲसिटिलकोलीन कमी सोडतात. म्हणजे झोपेची थिअरी पक्की झाली. निदान गिनीपिगच्या लहान आतड्यापुरती.

पुढचं नाव माझं आवडतं. हान्स कॉस्टरलिट्झ, जन्म १९०३, बर्लिन. ज्यू असल्यामुळे हिटलर आल्यावर देश सोडला आणि १९३४ मध्ये स्कॉटलंडच्या ॲबर्डीनला आले. तिथे वर्षानुवर्षं हीच गिनीपिगची आतडी टांगत बसले. सत्तरीला, लोक नातवंडं सांभाळतात त्या वयात, त्यांनी १९७३ मध्ये व्यसनाच्या औषधांवरची नवी प्रयोगशाळा सुरू केली. प्रश्न साधा होता. खसखशीच्या बोंडातला चीक माणसाच्या मज्जापेशीला इतका नेमका लागू पडतो, म्हणजे तिथे त्याच्यासाठी कुलूप आहे. (ते कुलूप, म्हणजे रिसेप्टर, त्याच १९७३ साली अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये तीन गटांनी दाखवून दिलं.) पण शरीराने एका झाडासाठी कुलूप का करून ठेवावं? आतलीच एखादी किल्ली असणार.

त्यांचे तरुण सहकारी जॉन ह्यूज पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जायचे आणि डुकरांचे मेंदू घेऊन यायचे. ते वाटून, गाळून, अर्क काढायचे. आता या अर्कात किल्ली आहे की नाही हे कसं ओळखायचं? मेंदूला विचारता येत नाही. म्हणून आतड्याला विचारलं! टांगलेल्या आतड्यावर (आणि उंदराच्या शुक्रवाहिनीवर, तीही अशीच टांगता येते) अर्काचा थेंब टाकायचा. आकसणं कमी झालं आणि नॅलॉक्सोन नावाचा मॉर्फिनचा उतारा टाकल्यावर पुन्हा सुरू झालं, तर अर्कात मॉर्फिनसारखं काहीतरी आहे. डिसेंबर १९७५ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. पाच-पाच अमिनो आम्लांच्या दोन छोट्या साखळ्या, फरक फक्त शेवटच्या मण्याचा. नाव ठेवलं एन्केफॅलिन. मज्जापेशी निरोपासाठी वापरतात त्या अशा साखळ्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात.

ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थ 'डोक्यातलं'. पण लवकरच ते आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशींतही सापडलं. म्हणजे ज्या उपकरणाने शोध लावला, त्याच्यातच माल भरलेला होता. आपल्या पोटात आपली स्वतःची अफू आहे आणि ती रोज वापरली जाते. माळव्याची अफू फक्त बाहेरून येऊन तेच बटण दाबते आणि दाबून धरते.

आता मूळ मुद्दा. गिनीपिगवरून सगळ्यांचं ठरलं होतं की हे बटण आतडं सैल करतं. मग काही लोकांनी रॅटचं मोठं आतडं टांगून बघितलं. (मराठीत रॅट आणि माऊस दोघांनाही उंदीर म्हणतात, प्रयोगशाळेत ते वेगळे. इथे मोठा उंदीर समजा.) १९८० मध्ये गिलन आणि पोलॉक यांचा, आणि १९८१ मध्ये हुइदोब्रो-तोरो आणि वे यांचा निबंध आला. दुसऱ्यातले ई. लिऑंग वे हे चिनी-अमेरिकन, मॉर्फिनचे जगन्मान्य अभ्यासक. शंभर वर्षांपूर्वी आपल्या आग्रा रोडवरून जो माल चीनला जात होता, त्याच्यावरच त्यांनी आयुष्य घालवलं.

उंदराच्या मोठ्या आतड्याने उलटंच उत्तर दिलं. मॉर्फिन टाका, एन्केफॅलिन टाका, तुकडा आकसायला लागतो. झोपत नाही, आवळतो. नॅलॉक्सोन टाकलं की ते थांबतं, म्हणजे काम त्याच कुलपातून होतंय.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की माझंच काहीतरी चुकतंय. परत वाचलं. जे औषध जुलाब थांबवतं, ज्याने पाच-पाच दिवस काही होत नाही, ते मोठ्या आतड्याला काम करायला लावतं?

उत्तर समजायला मोठ्या आतड्याचा एक स्वभाव माहीत हवा. त्याला गोल कड्यांसारखा एक स्नायू असतो, आणि तो मुळात आकसायला टपलेलाच असतो. मज्जातंतू त्याला बहुतेक वेळ 'थांब, थांब' असा निरोप देत धरून ठेवतात. फुगू माशाच्या विषाने (टेट्रोडोटॉक्सिन) तुकड्यातले सगळे मज्जातंतू बंद केले तर स्नायू शांत व्हायला पाहिजे ना? उंदराच्या मोठ्या आतड्यात तो उलट आकसत सुटतो. लगाम धरणाराच गेला. हा 'थांब'चा निरोप मुख्यतः नायट्रिक ऑक्साइड नावाच्या साध्या वायूने आणि व्हीआयपी (हसू नका, खरंच तसं नाव आहे) या दुसऱ्या पेप्टाइडने जातो. त्यातलं वायूचं काम १९९० च्या सुमारास उलगडलं.

आणि एन्केफॅलिन किंवा मॉर्फिन काय करतं? ते मज्जातंतूंना गप्प करतं, दोन्ही बाजूंचे. 'आकस' म्हणणाऱ्यालाही आणि 'थांब' म्हणणाऱ्यालाही. गिनीपिगच्या लहान आतड्यात 'आकस' म्हणणाऱ्याचं वजन जास्त, म्हणून आतडं ढिलं पडलेलं दिसतं. उंदराच्या मोठ्या आतड्यात 'थांब' म्हणणाऱ्याचं जास्त. त्यामुळे नाहीला नाही, म्हणजे हो. दोन नॉट गेट एकापुढे एक लावले की काय होतं ते फर्स्ट इयरला शिकलो होतो, इथे उपयोगी पडलं.

पण आकसणं म्हणजे ढकलणं नव्हे. खालचा भाग सैल होत जातो आणि वरचा आकसत येतो, तेव्हा आतला ऐवज पुढे सरकतो. त्याला ताल लागतो: इथे 'आकस', तिथे 'थांब', मग पुढच्या वळणावर पुन्हा. मॉर्फिनमध्ये 'थांब' म्हणणारा उरतच नाही, म्हणून सगळीकडची कडी एकदम आवळतात. सीपीयू शंभर टक्के, आउटपुट शून्य. प्रॉडक्शनमध्ये असा सर्व्हर तुम्ही बघितला असेल. पंखा जोरजोरात फिरतोय आणि एकही रिक्वेस्ट पुढे जात नाही.

माणसातही चित्र असंच आहे. पुढे ढकलणाऱ्या लाटा कमी होतात, जागच्या जागी आवळणं वाढतं, शेवटच्या दाराचा स्नायू घट्ट होतो. ऐवज तिथेच पडून राहतो आणि आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, म्हणजे तो दगड होत जातो. आणखी एक वाईट गोष्ट. मॉर्फिनच्या गुंगीची, मळमळीची शरीराला हळूहळू सवय होते, पण बद्धकोष्ठाची होत नाही. याचं कारण शोधायला २००८ मध्ये अमेरिकेत पुन्हा उंदरांचीच आतडी टांगली गेली (या वेळी छोटा उंदीर, माऊस). लहान आतडं मॉर्फिनला सरावतं, मोठं सरावत नाही असं निघालं.

इथे येऊन मी लॅपटॉप बंद केला होता.

कारण आमचे सगळे उपाय झोपलेलं आतडं जागं करायचे होते. इसबगोल फुगतं आणि भरलेलं आतडं पुढे ढकलायला लागतं, हे त्याचं काम. पण दारं आवळलेली असताना आत आणखी फुगणारा ऐवज टाकणं म्हणजे जाममध्ये आणखी ट्रक सोडणं. मॉर्फिन घेणाऱ्या माणसाला इसबगोलसारखं फुगणारं औषध देऊ नये, सोनामुखीसारखं आतडं हलवणारं आणि पाणी ओढून मल मऊ करणारं द्यावं, आणि तेही मॉर्फिनच्या पहिल्या गोळीपासूनच, हे वेदनाशामक उपचारांच्या पुस्तकांत अगदी साधं म्हणून लिहिलेलं आहे. आम्हाला ते कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आम्हाला वाटत होतं आम्हाला माहीत आहे.

मॉर्फिनसाठी नाशिकपर्यंत का जावं लागलं याचंही उत्तर याच वाचनात मिळालं. १९८५ मध्ये आपल्याकडे अमली पदार्थांचा कडक कायदा आला, एनडीपीएस. एका हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर चार-पाच वेगवेगळे परवाने आणि चुकलं तर तुरुंग. दुकानदारांनी आणि हॉस्पिटलांनी ठेवणंच सोडून दिलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त हॉस्पिटलला एकच परवाना पुरेसा झाला. मान्यता घेणारी हॉस्पिटलं मात्र छोट्या शहरांत अजून कमीच.

आणि अफू? ती सरकारी परवान्याने अजून तिथेच पिकते: मंदसौर, नीमच, रतलाम. भारत हा कायदेशीर अफूच्या चिकाचा मोठा उत्पादक आणि निर्यातदार आहे. मंदसौर ते जळगाव नकाशावर सरळ रेघ मारली तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दोनशे वर्षांपूर्वी बैलगाडीने जी वस्तू आमच्या दारावरून जात होती, तिच्यासाठी पप्पा दर महिन्याला रेल्वेने नाशिकला.

एक शेवटची गोष्ट. आपण प्रवासात जुलाबावर जी लोपेरामाइडची गोळी खातो ती अफूच्याच कुलपाची किल्ली आहे. बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या कंपनीत १९६९ मध्ये बनली. ती आतड्यातलं कुलूप लावते पण मेंदूत शिरू शकत नाही, मेंदूच्या दारावरचे पहारेकरी तिला परत पाठवतात. म्हणून नशा नाही, दुखणंही थांबत नाही, फक्त पोट बांधतं. आता याच्या बरोब्बर उलटं करता आलं तर? आतड्यातलं कुलूप उघडं ठेवायचं आणि मेंदूतलं मॉर्फिनला वापरू द्यायचं?

शिकागो विद्यापीठात लिऑन गोल्डबर्ग नावाचे औषधशास्त्रज्ञ होते. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांचा एक मित्र कॅन्सरने अंथरुणाला खिळला होता. मॉर्फिनने दुखणं थांबत होतं, पण बद्धकोष्ठाने तो इतका बेजार झाला की मॉर्फिन नको म्हणायला लागला. गोल्डबर्गनी मॉर्फिनच्या उताऱ्यालाच एक शेपूट जोडायचं ठरवलं, म्हणजे तो मेंदूत शिरणार नाही, फक्त आतड्यात काम करेल. मिथिलनाल्ट्रेक्सोन. मित्र गेला. १९८९ मध्ये गोल्डबर्गही गेले. काम त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू ठेवलं आणि अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली २००८ मध्ये. मित्र गेल्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. त्या मित्राचं वाक्य मला नीट ओळखीचं होतं.

दिवाळीत घरी गेलो होतो तेव्हा पप्पांना हे सगळं सांगितलं. कागदावर आतड्याची कडी काढून, बाण दाखवून. त्यांना उंदराची गोष्ट फार आवडली, दोनदा सांगायला लावली. मग कागद हातात घेऊन बराच वेळ बघत बसले.

"म्हणजे त्यांचं पोट झोपलेलं नव्हतं."

"नाही."

"आणि मी त्यांना गच्चीवर चालवत होतो."

आजी आतून विचारत होती, चहा कोणाकोणाला टाकू.